निवेदिका कशी वाटली?

रविवारी दुपारी राहनाळच्या घरात रुचिका साडीला इस्त्री करत होती आणि बाजूला ठेवलेला तिचा फोन सारखा थरथरत होता. चार वाजता पडघ्याला मुलींच्या कबड्डीचे सामने होते. स्थानिक केबल वाहिनीवर ते थेट दिसणार होते आणि निवेदन तिचं होतं. कॉलेजात ती स्वतः कबड्डी खेळली होती. नवरा, भाविक, काविळीने गेला, त्यानंतर सव्वा वर्षाने सासऱ्यांना विचारूनच तिने हे काम धरलं होतं.

वाहिनीने त्या आठवड्यात आपल्या पानावर विचारलं होतं, 'आमच्या निवेदिका तुम्हाला कशा वाटतात?' सकाळपासून दोनशेच्या वर मतं आली होती. इस्त्री बंद करून ती वाचू लागली. एकाला ती फार हसते असं वाटत होतं, दुसऱ्याला ती हसतच नाही असं. 'केस मोकळे कशाला?' 'आवाज पुरुषी आहे.' 'त्या दुसऱ्या वाहिनीवरची बघा, काय दिसते.' चढाईचं वर्णन नीट झालं का, गुण बरोबर सांगितले का, याबद्दल कोणी एक ओळही लिहिली नव्हती. ती भराभर बोट सरकवत गेली आणि एका मतापाशी थांबली.

'विधवा बाईनं टिकली लावून टीवीवर उभा ऱ्हाऊ न्हाय. घरान्याची अब्रू जाते.'

वर नाव होतं भाविक. शेजारी हळदीच्या दिवशीचा त्याचा हसरा फोटो.

ती पलंगाच्या कडेवर बसली. भाविकचा फोन आता सासरे, हिरामणशेठ, वापरत होते. ती तशीच उठून दाराबाहेरच्या ओट्यावर गेली. हिरामणशेठ पान लावत होते, सासूबाई गोदूबाई वाल सोलत होत्या.

"बाबा, ह्या तुमी लिवला?"

हिरामणशेठनी फोन डोळ्यांजवळ धरला. "माझा नाव कुठं दिसतंय?"

"तुमचा न्हाय दिसत. भाविकचा दिसतोय."

चुना लावणारं बोट थांबलं. गोदूबाईंना वाचता येत नव्हतं. रुचिकाने त्यांना वाचून दाखवलं. लेकाचं नाव ऐकून त्यांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि सूप उचलून त्या आत गेल्या.

"गावात चार मानसं बोलतात," हिरामणशेठ खालमानेने म्हणाले. "घरातला म्हनून मी तुला कवा टोकला का? बघनारा म्हनून लिवला."

"घरातले म्हनून बोलला असता तर मी ऐकून घेतला असता. तो मना मैदानावर सोडायला यायचा, बाबा. त्याच्या तोंडी ह्या घातलात."

"पुसून टाक मंग."

"मी न्हाय पुसनार. तुमी पुसा."

पडघ्याच्या मैदानावर वाहिनीचा सार्थक तिची वाटच पाहत होता. सगळी जुळवाजुळव तोच करायचा. "मॅडम, आज गाडीत बसूनच बोला. माईक लावलाय तिथे. फक्त आवाज जाईल. सामने भरवणारे मंडळवाले म्हणतात, नारळ फुटताना तुम्ही समोर नको. आणि लोकांची मतंही तशीच आलीत."

"माझं बोलणं चुकतंय का?"

"छे, तुमच्याइतका खेळ आमच्यात कोणाला कळतो?"

"मग जिथून खेळ दिसतो तिथेच मी उभी राहणार. आवाज हवा असेल तर माणूसही दाखवा."

गाडीतला माईक काढून घेऊन ती चटईच्या कडेला जाऊन उभी राहिली. मंडळाला देणगी देणारे म्हणून नारळ फोडण्याचा मान हिरामणशेठचा होता. सुनेला समोर पाहून ते थबकले. मंडळाचे दोघे त्यांच्या कानाशी लागले. त्यांनी घाईने नारळ आपटला. तो फुटला नाही. मंडपात कुजबुज झाली आणि शंभरेक माणसांनी एकदम रुचिकाकडे पाहिलं. त्या नजरा हिरामणशेठनी पाहिल्या. आपण ओट्यावर बसून लिहिलं तेच त्या डोळ्यांत होतं. रुचिका जागची हलली नाही. दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला. तिने दोन्ही संघांची नावं सांगितली आणि सामना सुरू झाला.

सोमवारी सकाळी सार्थकचा निरोप आला: प्रेक्षकांची मतं पाहता पुढच्या रविवारपासून नवी मुलगी घेत आहोत. रुचिकाने तो दोनदा वाचला, भाकरी तशीच ठेवली आणि साडी बदलली. कशेळीच्या एका शाळेत मुलींचे सामने होते. तिथे कॅमेरा नव्हता, नुसता कर्णा होता, आणि बोलणारं कोणी हवं होतं. दारात गोदूबाईंनी तिला थांबवलं. आपल्या डबीतली टिकली काढून त्यांनी ती स्वतःच्या हाताने सुनेच्या कपाळावर लावली. हिरामणशेठ ते पाहत होते.

ती गेल्यावर त्यांनी सार्थकला फोन लावला. "तिचा काय चुकला त्या सांग."

"काका, माझं काहीच म्हणणं नाही. लोकांनी लिहिलंय. तुमच्या घरूनही एक आलंय, भाविकच्या नावाने."

हिरामणशेठ ओट्यावर येरझारा घालू लागले. "त्या मी लिवलाय," अखेर ते म्हणाले. "माझ्या पोराचा नाव काढ, माझा लाव. आन खाली लिव, हिरामण चुकला."

"ते काढून तुमच्या नावाने नवं लावतो. पण काका, एका मताने काय होणार? बाकीची दोनशे आहेत ना."

हिरामणशेठनी फोन खाली ठेवला. ती दोनशे माणसं त्या वेळी आपापल्या घरी निवांत चहा पीत होती.