वेलदोड्याच्या वाडग्यातलं बहुमत

मी एक वाडगा बोलतोय. हसू नका. एका अख्ख्या राज्याच्या सीनेटचं बहुमत ज्याच्या पोटात काही मिनिटं पडून होतं, तो दोन शब्द बोलला तर काय बिघडलं? हल्ली माझ्या पोटात नुसतं टपाल असतं. त्यामुळे मला सवडही भरपूर आहे.

मी इथल्याच मातीचा. आमच्या गावात पूर्वी विटांचा कारखाना होता. तिथला एक कामगार फावल्या वेळात हौसेने भांडी घडवायचा. भट्टी कारखान्याची, माती कारखान्याची, हौस तेवढी त्याची. विटांच्या थप्पीमागे तो आम्हांला हळूच सरकवून द्यायचा. मी बाहेरून करडा, आतून पांढरा, आणि काठाखाली एक निळी रेघ. ती रेघ एके ठिकाणी वाकडी आहे. ती काढताना त्याला शिंक आली असावी. एल्माला मात्र ती वाकडी रेघच फार आवडायची.

एल्माच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. नवरा रेनो लाहती, कागदाच्या गिरणीत कामाला. माणूस भला, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. एल्मा दोघांच्या वाटचं बोलायची आणि बोलता बोलता माझ्यात पीठ मळायची. दर शनिवारी पुल्ला. म्हणजे वेलदोडा घातलेला, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. रेनोचे आजोबा ज्या देशातून बोटीने इकडे आले, तिथली ही रीत. भाषा विसरली, गाणी विसरली, पुल्ला तेवढा राहिला. इतकी वर्षं वेलदोडा कुटून घातल्यावर माझ्या अंगालाच तो वास लागला. आजही नाक जवळ आणलंत तर येईल.

त्यांची एकुलती एक मुलगी मार्लिस. लहानपणी माझ्या कडेला चिकटलेलं पीठ बोटाने पुसून खायची आणि आईच्या हातची चापट खायची. मोठी झाली आणि शाळेची बस चालवायला लागली. बर्फात बस घसरू न देणं हे काही सोपं काम नाही. गावातल्या पोरापोरीला ती नावाने ओळखायची आणि कोणाला बसमध्ये मळमळतं हेही तिला पाठ होतं.

मग एल्माची मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून तीनदा गावातल्या छोट्या इस्पितळात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी येऊन पडून राहायचं. हातातली ताकद गेली. शनिवारचा पुल्ला बंद झाला. माझी रवानगी ओट्यावरून दाराजवळच्या फळीवर झाली. माझ्यात किल्ल्या, हातमोजे आणि टपाल टाकायला लागले. पीठ सांभाळणाऱ्याला किल्ल्या सांभाळायला लावल्या! वाईट वाटलं. पण एल्मा येता-जाता माझ्या काठावरून बोट फिरवायची, त्यावर मी समाधान मानलं.

त्याच सुमारास इस्पितळावर संक्रांत आली. राज्याने पैसा दिला नाही तर ते बंद करायचं, असं ठरत होतं. पुढचं इस्पितळ शहरात, तळ्याला वळसा घालून. उन्हाळ्यातही जायला अर्धा दिवस मोडतो, हिवाळ्यात रस्ता उघडा असेल तर नशीब. पैशाचा ठराव सीनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, आला आणि पडला.

मार्लिस त्या दिवशी बसच्या कामावरून सरळ इथे आली. कोट न काढताच म्हणाली, "आई, मी सीनेटला उभी राहतेय."

एल्मा म्हणाली, "अगं, तुला साधं शाळेत भाषण करताना घाम फुटायचा!"

"अजूनही फुटतो."

"मग?"

"मग काय, घामाघूम होऊन बोलेन. पण तुला त्या शहरापर्यंत बर्फातून न्यायची पाळी येऊ देणार नाही."

रेनो चुलीत लाकूड सारत होता. तो पाठ न वळवता म्हणाला, "पाट्या मी ठोकतो." झालं. एवढाच त्याचा आशीर्वाद.

आणि खरंच त्याने दारोदार अंगणात तिच्या नावाच्या पाट्या ठोकल्या. जमीन गोठायच्या आत.

पण यंदाची निवडणूक साधी नव्हती. सीनेटमध्ये दोन्ही पक्ष अगदी बरोबरीवर आलेले. बाकीच्या जागांचा अंदाज सगळ्यांना होता, आमच्या जागेचा कोणालाच नव्हता. ही जागा ज्याची, सीनेट त्याची. मग काय विचारता! ज्यांना आमचं गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, ते राजधानीतले लोक आमच्यासाठी रडायला लागले. रोज पेटी भरून टपाल. जाड, चकचकीत पत्रकं. मार्लिसचा मुद्दाम वाईट काढलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'हिला तुमच्या घराची किल्ली द्याल का?'

एल्माने त्यातलं एक पाहिलं आणि ती टेबलाशी बसून रडली. "ज्यांच्या मुलांना हिने वर्षानुवर्षं सुखरूप घरी सोडलं, त्यांच्याच घरी हे गेलं असेल ना रे?"

विरोधातला डेल ब्रेके हा होड्या विकणारा गावचाच माणूस. एकदा तो स्वतः दारात आला आणि टोपी काढून म्हणाला, "रेनोकाका, ती पत्रकं माझी नाहीत. वरचे लोक छापतात. मला विचारतही नाहीत."

"मग नाव तुझं का असतं त्यावर?" रेनोने विचारलं. डेलने टोपी पुन्हा घातली आणि गेला.

तेव्हापासून रेनोने एक नेम केला. टपाल आलं की माझ्यात टाकायचं, एल्मा पडलेली असली की उचलायचं, आणि 'निवडणूक' हा शब्द जिथे दिसेल तो कागद न वाचता चुलीत. बायकोच्या डोळ्यांना पाणी येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मला तेव्हा तो फार शहाणा वाटला होता.

एल्माला रांगेत उभं राहवत नव्हतं म्हणून दोघांनी टपालाने मत द्यायचं ठरवलं. दोघांच्या मतपत्रिका आल्या. प्रत्येकीबरोबर परतीचं पाकीट, पुढच्या बाजूला मतदाराचं नाव छापलेलं, मागच्या बाजूला सहीची जागा. एल्माने खूण करताना मुलीचं नाव मोठ्याने वाचलं. "बघ रे, छापील किती छान दिसतं!" तिचा हात थरथरत होता. तिला त्रास नको म्हणून रेनोने दोन्ही पाकिटं बंद केली, सहीची बाजू वर करून एक तिच्यापुढे सरकवलं, एक स्वतःपुढे घेतलं. दोघांनी सह्या केल्या. मी फळीवरून सगळं पाहत होतो. पण सहीची बाजू वर असली की नाव खाली झाकलेलं राहतं, हे मला तरी कुठे सुचलं?

पुढे कधीतरी पत्रकांच्या ढिगात एक पिवळं, साधं कार्ड माझ्यात पडलं. चकचकीत नव्हतं. त्यावर 'निवडणूक कार्यालय' असं होतं. रेनोने पहिला शब्द पाहिला आणि बाकीच्यांबरोबर तेही चुलीत गेलं.

मतं मोजली. बरोबरी! मार्लिस आणि डेल, दोघांना अगदी सारखी मतं. फेरमोजणी झाली, तरी बरोबरी. गावात कोणी दुसरं काही बोलेना. एका मताने काय होतं असं म्हणणारे लोक एकमेकांची नजर चुकवत हिंडू लागले.

त्यानंतर एके दुपारी व्हर्ना आली. ही आमच्या निवडणूक कार्यालयाची कारकून, एल्माची शाळेतली मैत्रीण. एल्मा आत झोपली होती. व्हर्ना दारातच, माझ्या शेजारी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "रेनो, तुम्हांला पिवळं कार्ड आलं नव्हतं का रे?"

"कसलं कार्ड?"

"अरे, तुझ्या पाकिटावर एल्माची सही आणि तिच्या पाकिटावर तुझी. नवरा-बायको करतात अशी चूक, दर वेळी दोन-चार जोडपी असतातच. येऊन दुरुस्त करा म्हणून कार्ड पाठवलं होतं. वाट पाहिली. मुदत संपली, दोन्ही मतं बाद झाली."

रेनोने हात माझ्या काठावर टेकला. तो हात इतका गार होता की मला भट्टीत जावंसं वाटलं.

मग म्हणाला, "मी जाळलं ते."

"रेनो…"

"मार्लिसला सांगू नकोस. एल्माला तर मुळीच नाही."

"अरे, पण मार्लिसला…" व्हर्ना काहीतरी सांगत होती, पण त्याने दार लावून घेतलं.

बरोबरी सुटत नसली की आमच्या राज्यात चिठ्ठ्या टाकतात. रीत अशी की एका पक्षाने भांडं आणायचं, दुसऱ्याने चिठ्ठी काढणारा हात. भांड्याचा मान मार्लिसकडे आला. ती इथे येऊन म्हणाली, "आई, तुझा वाडगा देशील?"

एल्माच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं! तिने मला कोणाला धुऊ दिलं नाही. खुर्चीत बसून स्वतः धुतलं, पुसलं, आणि एक वेलदोडा ठेचून माझ्या आत चोळला. "आपल्या घरचा वास असू दे त्याला."

रेनोने मला टॉवेलात गुंडाळून न्यायालयाच्या मोठ्या दालनात नेलं. खच्चून गर्दी, कॅमेरे, राजधानीतले गुळगुळीत बूट. दोन सारख्या डब्या, एकेकीत एकेक नाव, माझ्यात टाकून हलवल्या. उभ्या जन्मात माझ्यात इतकी हलकी आणि इतकी जड वस्तू पडली नव्हती. डेलच्या पक्षाने गावच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंना आणलं होतं. त्यांनी डोळे मिटून हात घातला आणि वास हुंगत म्हणाल्या, "वेलदोडा?" क्षणभर सगळे हसले. मार्लिसही हसली.

बाईंनी एक डबी उचलली. उघडली. "डेल ब्रेके."

दुसरी उघडून दाखवायची रीत होती. माझ्या तळाशी राहिली होती ती मार्लिस. तिचीच डबी वर सरकवावी असं फार वाटत होतं हो मला. पण वाडग्याला हात नसतात.

डेल पुढे आला, तोंड उतरलेलं. "मार्लिस, मला असं जिंकायचं नव्हतं."

"मला कसंही चाललं असतं, डेल," ती म्हणाली आणि त्याच्याशी हात मिळवला.

इस्पितळाचा ठराव पुन्हा आला आणि एका मताने पडला. शरदात इस्पितळाच्या दाराला कुलूप लागलं. यंत्र कोणीतरी ट्रकमध्ये घालून नेलं. मग शहराच्या वाऱ्या. रेनो पहाटे गाडी गरम करायचा, मार्लिस सुट्टी काढून चालवायची. वादळात रस्ता बंद झाला की पाळी चुकायची. पाळी चुकली की एल्मा सुजायची आणि म्हणायची, "जाऊ दे रे, रस्त्याने तुमचेच हाल होतात." एक दिवस तिने गाडीत बसायला नकोच म्हटलं. बर्फ वितळायच्या आत ती गेली. डेल अंत्यविधीला आला होता म्हणे, सगळ्यांच्या मागे उभा होता. एल्माच्या बोटाची सवय माझ्या काठाला अजून आहे. फार आठवण येते.

आता पुन्हा निवडणूक आहे. पत्रकं पुन्हा येतात, फोटो दुसऱ्या कोणाचे. रेनो आता एकही कागद जाळत नाही. रिकाम्या घरात एकेक कागद मोठ्याने वाचतो, होड्यांच्या जाहिराती, दातांच्या दवाखान्याची स्मरणपत्रं, सगळं. जन्मभर न बोललेला माणूस आता टपालाशी बोलतो.

परवा मार्लिस आली. ती यंदा उभी नाही, बसच चालवते. रेनोने टेबलाशी बसून मत दिलं, पाकीट बंद केलं. नाव वाचलं, उलटून सही केली, पुन्हा नाव वाचलं, पुन्हा उलटलं.

"बाबा, किती वेळा बघशील? पाकीट एकच आहे."

"हो," रेनो म्हणाला. "आता अदलाबदल व्हायला दुसरं नाही." आणि मग त्याचा बांध फुटला. "मार्लिस, तेव्हाची ती दोन मतं… मी… ते पिवळं कार्ड…"

"ठाऊक आहे, बाबा."

"काय ठाऊक आहे?"

"बाद मतांची नावं फेरमोजणीच्या पहिल्याच दिवशी आमच्या वकिलाने वाचून दाखवली. तुमची दोघांची एकाखाली एक होती. काही करता येण्यासारखं नव्हतं."

"आणि तू एवढे दिवस बोलली नाहीस?"

"आईला कळलं असतं. तिला वाटलं असतं, आपल्या थरथरत्या हातामुळे झालं."

रेनोने मान हलवली. "हात तिचा नव्हता गं. पाकिटं मी सरकवली."

मार्लिसने त्याच्या हातावर हात ठेवला. मग रेनोने उठून पाकीट माझ्यात टाकलं. चहा तसाच निवला.

जाताना तिने ते पाकीट माझ्यातून उचललं. दारात थांबली, नाव वाचलं, उलटून सही पाहिली, पुन्हा नाव वाचलं आणि मगच बाहेर पडली.

मला कोणाची तक्रार करायची नाही. एकच मागणं आहे. खालच्या कप्प्यात वेलदोड्याची बरणी अजून तशीच आहे आणि मार्लिसला पुल्ला येतो. एखाद्या शनिवारी कोणीतरी हे सगळं टपाल काढून मला रिकामा करा. मला पुन्हा पीठ धरायचंय.