पहिली बट

मिलुनका माझी धाकटी जाऊ. तिच्या माडीवर गेल्या ऑक्टोबरात डेन्मार्कचं एक कुटुंब उतरलं, एका आठवड्यासाठी म्हणून, आणि मे उजाडला तरी हललं नाही. नवरा यप्पे, बायको सिग्ने, सहा वर्षांची आल्मा आणि तीन वर्षांचा विगो. राहतं घर भाड्याने देऊन दोन वर्षं देशोदेशी हिंडायला निघालेली माणसं. नवरा खिडकीशी बसून कॉम्प्युटरवर काम करायचा, बायको पोरांना शाळेऐवजी ओढ्यावर न्यायची. मग बर्फाने घाट बंद झाला आणि पोरांना आमच्या मक्याच्या पिठल्याची नि सायीची गोडी लागली. आता कसले जातात?

मला ते बघवत नव्हतं. सरळ सांगते.

माझा मुलगा राडोये व्हिएन्नाला असतो. तोही परदेशीच गेला, पण एकदाच गेला आणि तिथलाच झाला. त्याची दोन पोरं ऑगस्टात दहा दिवस येतात, गोठ्याच्या वासाने नाक दाबतात आणि वायफाय कुठे म्हणून विचारतात. मिलुनकाची नातवंडं निकशिच शहरात, हाकेच्या अंतरावर, दर रविवारी हजर. म्हणजे तिचं घर आधीच भरलेलं. तरी वर ही दोन सोनेरी केसांची पोरं देवाने तिच्याच अंगणात आणून सोडावीत? माझंही घर रिकामंच होतं की. खोली जरा ओलसर आहे, एवढंच.

हेवा मला सिग्नेचाही वाटायचा. ना धड घर, ना दार, सगळा संसार एका गाडीत, पण लेकरं सकाळपासून झोपेपर्यंत अंगाला चिकटलेली. राडोयेच्या घरी दोन न्हाणीघरं आहेत, आणि पोरांशी बोलायला त्याला रविवारची वाट बघावी लागते. मग भटक्या कोण आणि घर करून बसलेला कोण, हे मला काही उलगडत नाही.

आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून भजी तळायचे. आमची भजी गोड, मधात बुडवून खायची. वास गेला की पोरं भिंतीवर चढलीच. मग पलीकडून मिलुनका यायची.

"जाऊबाई, पोटं बिघडतील हो पोरांची, तुमच्या त्या तेलाने."

"तुझ्या चॉकलेटने दात किडले त्यांचे, ते आधी बघ."

विगो हातात भजं घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघायचा. मला तो वुका म्हणायचा. माझं वुकोसावा हे नाव त्याच्या तोंडात मावत नव्हतं.

त्याचे केस खांद्यापर्यंत आले होते. गावात सगळे त्याला पोरगी समजायचे. जन्मापासून कात्री लागली नव्हती, कारण तो कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हता, आईलासुद्धा. आमच्याकडे पोराचं पहिलं जावळ म्हणजे साधी गोष्ट नाही. जो पहिली बट कापेल तो त्या घराचा कुम होतो, बाई असेल तर कुमा. रक्ताच्या नात्याहून ते नातं वरचं. पुढे लग्न असो, मरण असो, कुमाला आधी बोलावणं जातं. भांडण झालं तरी ते नातं तुटत नाही.

हे सगळं मिलुनकाने एकदा कॉफीवर सिग्नेच्या कानी घातलं. सिग्नेचे डोळे भरून आले म्हणे. "हिंडून हिंडून आम्हाला कुठलंच गाव आपलं राहिलं नाही," ती म्हणाली. "हे एक तरी राहील." पुढच्या आठवड्यात ते ग्रीसला निघणार होते. त्याआधीचा रविवार ठरला. मला ही बातमी भिंतीवरून मिळाली.

"रविवारी जेवायलाच या हं, जाऊबाई. आमचा ओब्राद कोकरू भाजतोय. विगोची पहिली बट मी कापणार."

"तू? हे पुरुषाचं काम."

"सिग्नेला चालतंय."

"पोराची सख्खी आजी आहे ना तिकडे? तिला विचारलंत?"

"आजी डेन्मार्कात," मिलुनका म्हणाली. "कात्री इथे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्माचं नातं, आणि तेही हिच्या पदरात. पुढचे दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

त्याच आठवड्यात माझ्या मेंढ्यांची लोकर उतरवायची होती. विगो भिंत ओलांडून आला आणि बेला नावाच्या मेंढीचा कान धरून बसला. मी तिला गुडघ्यांत दाबून मोठी कात्री चालवत होते.

"तिला दुखतं?"

"तिलाच विचार."

त्याने बेलाच्या कानात विचारलं. बेला रवंथ करत होती. "नाही म्हणते," विगो म्हणाला, आणि शेवटची लोकर उतरेपर्यंत तिथून हलला नाही.

रविवारी मिलुनकाच्या अंगणात अर्धं गाव जमलं. कोकरू फिरत होतं, तिचा नवरा ओब्राद सगळ्यांना राकिया दारूचे पेले भरत होता. मिलुनकाने नवा रुमाल बांधला होता आणि चकचकीत कात्री ताटात ठेवली होती. मी फाटकाशी हात बांधून उभी राहिले. आत जायला पाय निघेना.

यप्पेने विगोला खुर्चीवर बसवलं. मिलुनकाने कात्री उचलली मात्र, पोराने जी किंकाळी फोडली! तो खाली घसरला आणि टेबलाखाली गेला. चॉकलेट दाखवून झालं, आल्माने ओढून बघितलं, सिग्ने गुडघ्यावर बसून विनवत राहिली. तो रडून रडून लाल झाला. मिलुनका कात्री घेऊन तशीच उभी, आणि लोक पेल्यात बघायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग विगो टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला, सरळ फाटकाशी धावला आणि माझ्या पायांना बिलगला.

"वुका," तो हुंदके देत म्हणाला, "बेलासारखं."

मी सिग्नेकडे बघितलं. तिने मान हलवली. मी घरी जाऊन मेंढ्यांची कात्री आणली आणि ओब्रादच्या राकियाने पुसून घेतली. खुर्ची नको म्हटलं. जमिनीवर बसले, पोराला गुडघ्यांमध्ये धरलं आणि चारी बाजूंची एकेक बट कापली. त्याने हूं की चूं केलं नाही. "आता हलकं वाटतं," एवढंच म्हणाला. लोकांनी पेले उंचावले. मिलुनका कोकरू बघायला म्हणून मागे गेली, ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत आली. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं.

सिग्नेने तिथूनच आईला फोन लावला. पडद्यावर किर्स्टनबाई दिसल्या, माझ्याच वयाच्या. मागे स्वच्छ स्वयंपाकघर, टेबलावर एकच कप. नातवाचं डोकं त्यांनी नीट न्याहाळलं. मग हसल्या.

ते हसू मी ओळखलं. ओठ ताणलेले आणि डोळे कोरडे. अख्खा हिवाळा त्या भिंतीशी उभी राहून मी तेच हसत आले होते.

सिग्ने उत्साहाने त्यांच्या भाषेत सगळं सांगत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आईला कुमा बघायचीय," आणि फोन माझ्यासमोर धरायला आली.

याच घटकेसाठी मी जळत होते. आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस होईना. मी मिलुनकाचा दंड पकडला आणि तिला पुढे ओढलं.

"ही. हिने कापले."

सिग्ने क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ती मूर्ख नाही. तिने फोन मिलुनकाकडे फिरवला. मिलुनकाला काही कळलं नव्हतं, पण चालून आलेला मान ती कशी सोडेल? रुमाल सारखा करून तिने हात हलवला.

किर्स्टनबाईंनी काहीतरी विचारलं. सिग्नेचा आवाज उतरला. "आई विचारते, रडला का तो?"

मिलुनका माझ्याकडे बघायला लागली.

"रडला म्हण," मी पुटपुटले. "आजी हवी म्हणत होता म्हण."

"खूप रडला हो," मिलुनका फोनला म्हणाली. "टेबलाखाली जाऊन बसला. आम्हाला कुणाला जवळ येऊ देईना. आजी पाहिजे, आजी पाहिजे, एकच धोशा."

सिग्नेने त्यातला शब्दन् शब्द पोचवला. किर्स्टनबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि त्या दोन्ही हात पडद्याकडे पसरून विगोला हाका मारायला लागल्या.

विगोचं तिकडे लक्ष नव्हतं. माझा स्कर्ट मुठीत धरून तो मला चिकटून उभा होता. मी वाकून त्याची बोटं सोडवली आणि त्याला मिलुनकाच्या मांडीवर, फोनसमोर बसवलं. त्याने घट्ट धरलं होतं, वेळ लागला.