भिंतीतला गोल

मैदानात गोलपोस्ट दोन होते, जाळी एकालाच होती. कोपऱ्यांवरच्या चार झेंड्यांपैकी तीन शिल्लक होते. स्टँडमध्ये खुर्च्यांच्या बावीस रांगा, आणि स्टेडियम बघायला आलेलो आम्ही, गाइड सोडून, अकरा जण.

"अकरा! चला, टीम झाली," बाबा म्हणाले. "गोलकीपर मी. पळायला नको."

कुणीतरी हसलं. गाइड मुलगी सांगत होती की हे स्टेडियम शंभर वर्षांचं आहे, पुढच्या महिन्यात पाडणार, म्हणून या शेवटच्या फेऱ्या. बाबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते मान वळवून स्टँडखालच्या अंधाऱ्या बोळाकडे बघत होते.

त्या बोळात त्यांनी नोकरीभर फिरतं फाटक सांभाळलं होतं. तिकीट फाडायचं, पायाने कळ दाबायची, खटका वाजायचा, माणूस आत. खेळाडूसुद्धा त्यांना 'खटका' म्हणूनच हाक मारायचे. मॅच सुरू झाली तरी जागा सोडायची नाही, असा नियम होता. गर्दी उसळली तर फाटक उघडायला माणूस हवा. त्यामुळे इथली एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती.

"तुमच्यापेक्षा मी बरी, निदान टीव्हीवर तरी बघते," असा टोमणा आई मारायची.

स्कोअर मात्र त्यांना नेहमी ठाऊक असे. फाटकामागची भिंत थेट स्टँडला जोडलेली होती. तिच्यावर उजवा तळहात टेकवून ते उभे राहत. आपल्या टीमचा गोल झाला की सगळा स्टँड एकदम उडी मारायचा आणि भिंत थरथरायची. पाहुण्यांनी गोल केला तर नुसता ओरडा ऐकू यायचा, भिंत गप्प.

"कान फसवतात," ते मला सांगायचे. "भिंत नाही फसवत."

गेला आठवडाभर त्यांनी एकच धोशा लावला होता. पाडायच्या आधी एक गोल तिच्यातून कळायला हवा.

"काका, बसा ना," गाइड म्हणाली. "पहिल्या रांगेत बसा. तिकिटातच आहे."

बाबा बसले. समोर सगळं मैदान, ऊन, वाढलेलं गवत. मांडीवर ठेवलेला उजवा हात हलायला लागला, तसा त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला. ही थरथर वर्षभरातली. सेकंदाला किती वेळा हात हलतो ते डॉक्टरांनी मोजून ठेवायला सांगितलं होतं, त्यासाठी मी मोबाइलमध्ये ॲप घेतलं होतं. बाबांच्या मते तो सगळा थंडीचा परिणाम होता. कडक ऊन पडलं होतं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"इथून काही कळत नाही गं."

गाइड म्हणाली, "आता आपण इथल्या सगळ्यात गाजलेल्या फायनलचं रेकॉर्डिंग ऐकू या. शेवटच्या मिनिटातला गोल."

"ताई, जरा थांबता का?" बाबा उठले. "मी माझ्या जागेवर जातो, मग लावा."

"अहो काका, तिथून काय दिसणार?"

"तेव्हा तरी कुठे दिसत होतं!"

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले. फाटक कधीच काढून नेलं होतं. जमिनीत बोल्टांची भोकं तेवढी उरली होती. बाबा त्या भोकांच्या मागे उभे राहिले, खांदे सैल सोडले, भिंतीला तळहात अलगद टेकवला आणि डोळे मिटले.

वर स्पीकर खरखरला. हजारो माणसांची कुजबुज चढत चढत गेली आणि एकदम फुटली. वर नऊ माणसं आणि गाइड होती. कुणी उठल्याचाही आवाज आला नाही.

"झाला!" बाबा म्हणाले. "आपलाच आहे. बघ कशी थरथरतेय! हात लाव ना."

मी हात लावला. भिंत गार आणि ओलसर होती.

"लागतंय?"

"लागतंय, बाबा."

ओरडा ओसरला. रेकॉर्डिंग संपलं. वरची माणसं बाहेर जायला निघाल्याचे आवाज आले. बाबा तसेच उभे होते.

"अजून थांबली नाही," डोळे न उघडता ते हळूच म्हणाले. "केवढा गोल असेल गं!"

मी मोबाइल काढला, ते ॲप उघडलं आणि तो भिंतीला टेकवला. पडद्यावरची रेघ सरळ गेली. मग तो त्यांच्या हाताच्या पाठीवर ठेवला.

सेकंदाला पाच.