जळणाचं कुणी विचारलंच नाही

छावणीत खोकला आला तो थंडीबरोबर, म्हणून सगळ्यांनी तो थंडीचाच धरला. डॉक्टरबाईंनीसुद्धा.

लढाईमुळे गावंच्या गावं उठून या माळावर आली होती. दवाखाना म्हणजे एक लांबोडा तंबू, खाली लाकडी फळ्या, मधोमध पडदा. पडद्याअलीकडे नर्स वजनं घ्यायची, पलीकडे डॉक्टरबाई छातीला नळी लावायच्या. पोरांच्या छात्या घरघरत होत्या, डोळे लाल होते, नाकाच्या कडा काळपट. औषधाने दोन दिवस बरं वाटायचं आणि पोर परत दारात. तंबूत गारठा, अंगावर पांघरूण नाही, मग खोकला थांबायचा कसा, असं म्हणून डॉक्टरबाईंनी छावणीप्रमुखांच्या मागे टुमणं लावलं: ब्लँकेटं मागवा.

ब्लँकेटं आली. खोकला वाढला. त्यांनी आणखी मागितली, आणखी आली, खोकला आणखी वाढला. प्रमुख तसे मनाने चांगले, पण थट्टेखोर. त्यांनी डॉक्टरबाईंचं नाव ‘ब्लँकेटबाई’ पाडलं होतं आणि मुख्यालयाशी फोनवर बोलतानाही तेच वापरायचे. गोदामवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. लोक ब्लँकेटं विकतात, असं तो छातीठोकपणे सांगायचा. डॉक्टरबाई त्याच्याशी भांडल्या होत्या खऱ्या, पण पोरं दवाखान्यात यायची ती पातळ सदऱ्यावर कुडकुडत, हे त्यांनाही दिसत होतं. मग ब्लँकेटं जातात कुठे?

चिमणी नावाची एक पोरगी होती. खरं नाव वेगळं असेल, पण अंगापिंडाने एवढीशी की सगळे चिमणीच म्हणायचे. तिला तिची काकी घेऊन यायची. बाई मितभाषी, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. चिमणीच्या दोन्ही फुप्फुसांत सूज होती आणि औषधाचा दुसरा डोस चुकवून चालणार नव्हतं. त्या दिवशी दुपार झाली तरी दोघी फिरकल्या नाहीत. रांग ओसरल्यावर डॉक्टरबाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि स्वतःच निघाल्या. इतक्या महिन्यांत त्या तंबूंच्या ओळींमध्ये कधी गेल्या नव्हत्या. दवाखान्यातून मान वर काढायला फुरसत नसायची.

तंबू सापडला. आत कुणी नव्हतं. मागच्या बाजूने धूर येत होता. साध्या लाकडाचा नव्हे, पिवळट काळा, घशाला चिकटणारा. डॉक्टरबाई वळसा घालून मागे गेल्या.

काकी तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवी बसली होती. मांडीवर करडं ब्लँकेट, हातात सुरी. ती ब्लँकेटाची पट्टी फाडायची, दोन तळव्यांत दोरीसारखी पिळायची आणि पातेल्याखाली सारायची. पट्टी आधी आक्रसायची, मग भडकायची, मग वितळून तिचे जळते थेंब दगडावर टपटपायचे. चिमणी शेजारी बसून फुंकर घालत होती. प्रत्येक फुंकरीनंतर खोकत होती आणि परत फुंकत होती.

डॉक्टरबाईंना पहिल्यांदा वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

“हे काय करताय?”

काकीने वर पाहिलं. दचकली नाही. “शिजवतेय,” म्हणाली.

पातेल्यात छावणीतून मिळालेलं कडधान्य होतं. रात्रभर भिजवलेलं, तरी गोट्यांसारखं टणक. अर्धा दिवस उकळल्याशिवाय ते दाताखाली फुटत नाही, असं काकीने सांगितलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. समोरचीला एवढं साधं कसं कळत नाही, याचं थोडं नवल होतं.

“ट्रकमधून धान्य येतं, तेल येतं, मीठ येतं,” ती म्हणाली. “जळण कुणी देतं का?”

 डॉक्टरबाईंनी चिमणीला धुरापासून बाजूला ओढलं. तिच्या बोटांवर काजळी होती, नाकाखाली दोन काळ्या रेघा. त्या रेघा त्यांनी रोज पाहिल्या होत्या. रोज ओल्या कापसाने पुसल्या होत्या आणि धूळ म्हणून सोडून दिल्या होत्या. आपण पांघरूण म्हणून जे मागत होतो तेच या पोरांच्या छातीत जाऊन बसलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या तिथेच एका डब्यावर बसल्या.

ओढ्यापलीकडच्या टेकडीवर झाडी होती. दवाखान्याच्या दारातून ती दिसायची. तिकडून लाकडं का आणत नाही, असं त्यांनी विचारलं. काकीने चिमणीला शेजारच्या तंबूत मीठ मागायला पिटाळलं. ती दिसेनाशी झाल्यावरच बोलली.

सुरुवातीला सगळ्या जायच्या. पुरुष गेला तर गोळी घालतात, म्हणून बायकाच जायच्या. टेकडीवर बंदूकवाले बसलेले असायचे. काहीजणी मोळी टाकून रिकाम्या हाती परतायच्या आणि तंबूत शिरून दोन-दोन दिवस बाहेर पडायच्या नाहीत. त्यांना कुणी काही विचारायचं नाही. पुढे पाळी लावली, कारण चूल तर पेटायलाच हवी. काकीची जायची पाळी होती त्या दिवशी तिला ताप होता. तिच्याऐवजी तिची जाऊ गेली. चिमणीची आई.

“ती आलीच नाही,” काकी म्हणाली. “तेव्हापासून कुणीच जात नाही.”

“अहो, मग सांगितलं का नाही आम्हाला?”

“सांगितलं असतं तर यादीतून तिचं नाव कटलं असतं. नाव कटलं की तिच्या वाटणीचं धान्य बंद. आणि पोरगी तिची आहे, तिला खायला कुठून घालू?” पट्टी जळून संपली होती. काकीने दुसरी फाडली. “पोरीला सांगितलंय, आई मामाकडे गेलीय.”

डॉक्टरबाईंनी विचारलं, असं आणखी कोण कोण जाळतं? काकीने नुसती मान वळवून पलीकडे पाहिलं. प्रत्येक ओळीच्या मागून तोच पिवळट काळा धूर वर चढत होता.

औषधाची बाटली काकीच्या हाती देऊन आणि अर्धवट वितळलेली एक पट्टी घेऊन त्या थेट प्रमुखांच्या खोलीत गेल्या. खोली पत्र्याची, कोपऱ्यात हीटर लालबुंद. त्यांना पाहून प्रमुख हसत म्हणाले, आणखी ब्लँकेटं हवीत वाटतं. डॉक्टरबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही.

प्रमुखांना आधी पटेना. जळणाचं काम दुसऱ्या संस्थेकडे आहे, म्हणाले, आणि खात्री करायला तिथे फोन लावला. बराच वेळ ते ऐकत राहिले. मग फोन हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

“ते म्हणतात, जवळ जंगल आहे म्हणून त्यांनी आपली छावणी वगळली,” ते म्हणाले. “त्यांना वाटलं आपण बघू. आपल्याला वाटलं ते बघताहेत.”

“आणि बायकांना काय वाटतं?”

 प्रमुखांनी कोट चढवला आणि ते बाहेर पडले. काकीच्या चुलीपुढे ते बसले. थोड्याच वेळात त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी पातेलं उतरेपर्यंत हलले नाहीत. त्यातलं कडधान्य त्यांनी चावून पाहिलं. अजून कच्चंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांना दवाखान्यात बोलावलं. पुरुषांना बाहेर थांबवलं आणि पहिल्याच वाक्यात शब्द दिला की कुणी नाहीसं झालेलं सांगितलं तर त्या घराचं धान्य कमी होणार नाही. कुणाचाच विश्वास बसला नाही. शेवटी काकी उठली आणि जावेचं नाव मोठ्याने घेतलं. तिच्यामागून एकीने बहिणीचं घेतलं, एका म्हातारीने सुनेचं. प्रमुख बोटांवर मोजत होते. बोटं संपली तेव्हा त्यांनी हात खाली केला. नर्स पडद्याआड जाऊन रडली.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. मुख्यालयाने बदल पुढच्या खरेदीत करू असं कळवलं, तेव्हा थट्टेखोर प्रमुख पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडले. कडधान्याऐवजी पटकन शिजणारी डाळ आली. जळणासाठी दाबलेल्या भुशाच्या कांड्या आल्या, झाकणाच्या शेगड्या आल्या, आणि दर ओळीला एक मोठी चूल झाली, जिथे बायका आळीपाळीने सगळ्यांचं रांधू लागल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. कांड्या ओल्या निघाल्या, शेगड्यांवरून भांडणं झाली. पण आता भांडण प्रमुखांच्या दारात यायचं, हाच मोठा फरक होता. दवाखान्यातली रांग हळूहळू आखूड होत गेली. दोन तान्ह्यांना मात्र तेवढी सवड मिळाली नाही. त्यांच्या छातीचा आवाज डॉक्टरबाईंच्या कानांतून कधीच गेला नाही.

मधल्या काळात शस्त्रसंधी झाली; तिची देखरेख करणारी तुकडी प्रमुखांच्या सांगण्यावरून टेकडीवर जाऊन आली. तुकडीचा अधिकारी काकीला भेटायला आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली होती. झाडीत कपडे सापडले होते. काकीने ते ओळखले. फक्त मान हलवली आणि घडी घालून उशाखाली ठेवले.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरबाई चिमणीची छाती तपासायला आल्या. घरघर जवळजवळ थांबली होती. त्यांनी तसं सांगितलं आणि पिशवी उचलली. काकी तंबूच्या दारात आडवी उभी राहिली.

“आज सांगायचंय तिला,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मला एकटीला जमायचं नाही. तुम्ही बसा जरा.”

डॉक्टरबाई बसल्या. काकीने चिमणीला मांडीवर घेतलं, तिचे केस कानामागे सारले, परत सारले. मग चिमणीच म्हणाली, “मामा कुठे आहे आपला, काकी? मला तर मामाच नाही.”