सत्तरच्या आत

सकाळी साडेआठला फोन आला. व्हरलीनसाठी किडनी मिळाली होती. अकराच्या आत हॉस्पिटलात पोचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू, असं तिथली बाई म्हणाली. तीन वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत काढलेली व्हरलीन. घरातल्या सपातांवरच गाडीत येऊन बसली.

तिच्या नवऱ्याने, थर्मन गॅडिसने, मात्र गाडी सत्तरच्या वर नेली नाही. मिसिसिपीतल्या त्या हायवेवर मर्यादा सत्तर मैलांची, याचा काटा एकोणसत्तरवर. शेजारून लोक नव्वदने भुर्रकन निघून जात होते आणि व्हरलीन त्याचा उद्धार करत होती, की मयताला निघालायस का, जरा पाय दाब. थर्मनने काटा हलू दिला नाही. बत्तीस वर्षं टपाल वाटलेला काळा माणूस तो. आपल्याला किती वेळा अडवलंय हे आठवायचंही त्याने सोडून दिलं होतं. घाई केली की पोलीस थांबवणार आणि किडनी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी निळा दिवा मागे लागलाच. आता काय म्हणावं या कर्माला!

थर्मनने गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बोटं पसरून. कागद डॅशबोर्डवर चिमट्यात लावलेलेच होते. पूर्वी ते खणात असायचे. पण तिकडे याचा हात गेला की पोलिसाचा हात पिस्तुलाकडे जायचा.

पोलीस कोवळा गोरा पोरगा होता. मर्यादा मोडली नव्हती हे त्यालाही मान्य. मग थांबवलं कशाला? तर म्हणे, फारच जपून चालवताय. सगळे सुसाट जातात, तुम्हीच एवढे नाकासमोर का? आणि कागद आधीच काढून ठेवलेत, म्हणजे लपवताय काय?

थर्मनला हसावं की रडावं कळेना. जोरात गेलं तर गुन्हा, हळू गेलं तर संशय. माणसाने गाडी डोक्यावर घेऊन चालावं की काय? हात न हलवता त्याने किडनीचं सांगितलं. पोलिसाने आधी डिकी उघडायला लावली, बॅग उपसली, व्हरलीनचा गाऊन रस्त्यात झटकून पाहिला. मग हॉस्पिटलला फोन लावला. यात चाळीस मिनिटं गेली.

फोनवरचं ऐकून पोराचा चेहराच पडला. त्याला खरंच वाईट वाटलं.

“माझ्यामागून या,” तो म्हणाला. “ऐंशी मैल उरलेत. शंभरने गेलो तर वेळेत पोचाल.”

तो दिवा लावून निघाला. थर्मनने पाय दाबला. पंच्याहत्तर, ऐंशी, नव्वद. तेवढ्यात पुढच्या पुलाखाली दुसरी पोलीसगाडी उभी दिसली. पोलिसाच्या मागे लागलेला काळा माणूस, एवढंच तिथून दिसणार. या पोराने त्यांना कळवलं असेल का? त्याचा पाय आपोआप उचलला गेला. काटा पुन्हा एकोणसत्तरवर आला, पुढचा दिवा दिसेनासा झाला. थर्मनला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आता शिव्या पडणार म्हणून तो वाट बघत राहिला. व्हरलीन मात्र त्या उभ्या गाडीकडे वळून वळून बघत होती. मग तिने हॉस्पिटलला फोन लावला.

“बाई, आम्हाला सव्वाअकरा होतील,” ती म्हणाली. “पुढच्या माणसाला बोलवा. मला आधी नवरा जिवंत पाहिजे.”