अरुंद बुटाची रुखरुख

मी एक जुना काळा बूट आहे. खरे तर आम्ही दोघे आहोत, पण उजवा मितभाषी, म्हणून बोलतो मी, डावा. मित्रांनो, माझे चामडे अजून चकाकते, टाचही फारशी झिजलेली नाही. तरी मनाला एक रुखरुख लागून राहिली आहे. ती तुमच्यापाशी बोलतो.

नोएडातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा साचा लांब आणि निमुळता होता. पुढचे टोक इतके बारीक, की कारागीर मला हातात धरून म्हणायचे, "हीरो लग रहा है!" ते ऐकून मी फुगून जायचो. दुकानाच्या काचेत उभा असताना मला वाटे, सगळ्या माणसांचे पाय माझ्यासारखेच असणार.

मला निवडले संपदाने. ती नोएडातच एका कंपनीत नोकरीला होती. तिचे वडील सूर्यकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत. ते आणि तिची आई अलकनंदाबाई दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी घरात राहत. सूर्यकांतरावांना कीर्तनाचे वेड. आजवर दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून त्यांनी झांजा वाजवल्या होत्या. पण यंदाच्या दत्तजयंतीला संपदाच्या सोसायटीत ते स्वतः प्रथमच कीर्तनाला उभे राहणार होते. त्या दिवसासाठी म्हणून मी घरात आलो.

सूर्यकांतरावांचे पाय पसरट होते. बोटे पंख्यासारखी उलगडलेली. जन्मभर त्यांनी उघड्या चपलाच वापरल्या. संपदाने त्यांच्या नकळत चपलेची लांबी कागदाच्या पट्टीवर घेतली होती. लांबी अगदी बरोबर होती. रुंदी मात्र तिने मोजलीच नव्हती.

"बाबा, त्या फताड्या चपला घालून येऊ नका हं," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसचे लोक येणार आहेत."

अलकनंदाबाई हसल्या. "अगं, कीर्तनाला पादत्राणं दाराबाहेर काढतात. तुझे ऑफिसवाले ती बघणार कधी?"

"गेटपासून हॉलपर्यंत तर चालत येणार ना, आई!"

सूर्यकांतरावांनी माझ्यात पाय कोंबला. त्यांची करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली. चेहरा क्षणभर आक्रसला, मग त्यांनी तो सावरला.

"अच्छा! आता मी बिल्कुल साहेब दिसतोय."

"लागत नाहीत ना?"

"छे गं. छान आहेत."

ते खोटे होते, हे मला आतून कळत होते. पण 'साहेब' हा शब्द ऐकून मी इतका खूश झालो, की त्या दुमडलेल्या करंगळीचा मला विसरच पडला. आजही ते आठवले की मान वर करवत नाही.

दत्तजयंतीला अलकनंदाबाई दुपारीच लेकीकडे गेल्या. सूर्यकांतराव मागाहून एकटेच निघाले. मेट्रोचे जिने चढले, उतरले, गाडी बदलली. स्टेशनाबाहेर रिक्षावाले बोलावत होते, पण मनातल्या मनात पूर्वरंग घोळवायचा म्हणून ते पायीच चालू लागले. त्यांच्या ओठांवर देवाचे पद, आणि मी पावलापावलाला चावत होतो. मी सैल व्हायची फार खटपट केली, पण कोरे चामडे कोणाचे ऐकते? गेटापाशी पोहोचेपर्यंत मोजा ओला झाला होता.

हॉलच्या दाराशी त्यांनी मला काढले, मोजेही उतरवले. ऑफिसची मंडळी केव्हाच आत जाऊन बसली होती. मला कोणीही पाहिले नाही.

ढिगात पडलो, पण दार किलकिले होते. आत पेटी वाजू लागली, तबला बोलला, आणि सूर्यकांतरावांनी नमनाला सूर लावला. मित्रांनो, काय सांगू! चामड्याच्या जिवालाही कान उगवावेत असा तो आवाज होता. पुढे मध्यंतरात भजन सुरू झाले, त्यांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला. कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा असतो, म्हणून लहानथोर सगळेच त्याच्या पाया पडतात. संपदाही वाकली, आणि वाकलेलीच राहिली. पांढऱ्या चादरीवर तिला रक्ताचा डाग दिसला होता.

"बाबा, हे काय! खुर्ची आणू?"

"या गादीवर उभंच राहायचं असतं, बाळा."

"मग थांबवू या ना."

"अर्ध्यात उतरायचंही नसतं."

पेटीवर बसलेले बळवंतराव हळूच म्हणाले, "सूर्यकांतराव, कीर्तन आवरतं घ्या. देव काही रागवायचा नाही."

"देव नाही, पण मला झोप नाही लागायची. सूर धरा."

उत्तररंगात त्यांनी एका यजमानाची गोष्ट लावली. दारी पाहुणा आला. यजमानाने त्याला लाडू वाढले, शाल पांघरली, अत्तर लावले. पाहुण्याला हवे होते फक्त पाणी.

"यजमानाने सगळे दिले, विचारले मात्र काहीच नाही!"

लोक हसले. संपदाची मान खाली गेली. सूर्यकांतरावांचे लक्ष तिच्याकडे गेले आणि ते अडखळले. मग त्यांनी आयत्या वेळी जोड दिली, "पण श्रोतेहो, पाहुणाही काही कमी नव्हता! घसा कोरडा पडला होता, तर तोंड उघडून सांगायला काय झालं होतं त्याला?"

हॉल पुन्हा हसला. संपदा रडत हसली.

शेवटच्या पदाला कीर्तनकाराने नाचायचे असते. त्यांनी पाऊल टाकले आणि तोल गेला. संपदा धावत गेली. मागच्या झांजा उचलून तिने खांदा पुढे केला. त्या खांद्यावर हात ठेवून, एकाच पायाने ठेका धरत, सूर्यकांतरावांनी आरतीपर्यंतचे कीर्तन उभ्याने पूर्ण केले. दाराशी पडलेल्या मला मात्र प्रत्येक ठेका बोचत होता.

आरतीनंतर अलकनंदाबाईंनी पिशवीतून त्याच जुन्या चपला काढल्या. "तुम्हा दोघांवर माझा काडीचा भरवसा नव्हता," त्या म्हणाल्या.

पाय बरा झाल्यावर संपदा वडिलांना घेऊन दुकाने हिंडली. सगळे म्हणत, "एक नंबर बडा ले लो." मोठा घातला की टाच निसटे आणि पंजा तरी आवळलेलाच. अखेर एका दुकानात गोल टोकाचे, रुंद पंजाचे बूट निघाले. संपदा जमिनीवर बसली आणि करंगळीची जागा दाबून पाहू लागली.

"खरं सांगा, बाबा."

"जरासं इथे..."

"मग नको. भैया, दूसरा दिखाओ."

त्यापुढच्या जोडात पाचही बोटे मोकळी बसली.

मी गेलो बळवंतरावांकडे. त्यांचे पाय सडपातळ आहेत. मला घेण्याआधी त्यांनी घरभर दहा चकरा मारल्या. तिथे मी सुखात आहे, तरी कोणी पाय ओढत चालताना दिसले की माझा जीव टाचेशी येतो.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. कुणाला बूट द्यायचे तर पट्टी नेऊ नका, त्या माणसालाच न्या. पाय दिवसभरात थोडे फुगतात, तेव्हा संध्याकाळी न्या. बूट घालून त्याला चालू द्या. आणि तो हसून "छान आहेत" म्हणाला, तरी लगेच विश्वास ठेवू नका. खाली बसा आणि त्याची करंगळी कुठे आहे ते बघा.