केलीव्हिलची तोफ

मी तोफ नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण सिडनीतली मराठी मंडळी हल्ली मला पाहिलं की हसतात आणि "तीच ना ती तोफ?" म्हणतात. मी सोऱ्या आहे. जुना, पितळेचा, चकलीचा सोऱ्या!

पुण्याच्या एका कारागिराने मला ओतलं, घासूनपुसून लखलखीत केलं आणि मीनाक्षीबाईंच्या लग्नात मी रुखवतात मिरवलो. पुढे कित्येक दिवाळ्या मी गाजवल्या. पोटात भाजणीचा उंडा घ्यायचा आणि वरून दाब बसला की काटेदार चकली गोल गोल उतरवायची, हे माझं काम. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत करताना म्हणायच्या, "तुमच्या सोऱ्याला काटा काय सुरेख येतो!"

यजमान गेल्यावर मीनाक्षीबाई मुलाकडे, हृषिकेशकडे, सिडनीतल्या केलीव्हिलला राहायला आल्या. साडीत गुंडाळून त्यांनी मलाही आणलं. इथे ब्लॅकटाउनच्या दुकानात चकल्या पाकिटात मिळतात. सूनबाई लीना डॉक्टर; शिफ्टवरून येऊन ती कधी चकल्या तळणार? तिने मला टीव्हीशेजारी शोभेला ठेवलं. घरचे मला नेमाने पुसत असत. मीनाक्षीबाईंना रोज "औषध घेतलंत का?" असं विचारत असत. त्यापलीकडे आम्हा दोघांना कुणी काही विचारत नसे.

नात निहारिका युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकत होती. तिला ब्रिटिश लोकांचे ते विनोदी कार्यक्रम भारी आवडायचे. तुम्ही पाहिले असतील. त्यात इतिहासाच्या नावाखाली निवेदक वाटेल ते ठोकून देतो आणि चेहऱ्यावरची रेषाही हलू देत नाही. खऱ्याखुऱ्या विद्वानांना असे खुळे प्रश्न विचारतो, की त्या बिचाऱ्यांना घाम फुटावा. निहारिका आणि लीना सोफ्यावर हसून लोळायच्या. माझं मात्र पितळ तापायचं. इतिहास ही काय थट्टेची गोष्ट आहे?

मग माझ्यावरच पाळी आली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी निहारिकाने तसलीच फिल्म करायचं ठरवलं. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, तिने मला उचललं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि शोकसभेला आल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "ही मराठ्यांची सर्वांत छोटी तोफ. हिच्यातून चकल्या डागून किल्ले घेतले जात."

चकल्या डागून! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

एवढ्यावर ती थांबली नाही. "आजी, चकलीचा शोध लागण्यापूर्वी दिवाळी कॅन्सल व्हायची का?"

म्हाताऱ्या माणसाची अशी टिंगल? मी संतापलो. पण मीनाक्षीबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तितक्याच गंभीरपणे सांगू लागल्या. "कॅन्सल कशी होईल गं? पण माझ्या लहानपणी आमच्या आळीत सोऱ्या एकाच घरी होता. सगळ्या बायका तिथे जमायच्या. आपापल्या सासूपासून वर्षातून तेवढीच सुटका."

"म्हणजे सोऱ्या हे स्त्रीमुक्तीचं शस्त्र होतं?"

"शस्त्र कसलं? निमित्त होतं."

क्वेकर्स हिलच्या हॉलमध्ये फिल्म लागली तेव्हा मला टेबलावर मांडलं होतं. लोक पोट धरून हसत होते. तेवढ्यात मंडळाचे ज्येष्ठ सभासद रविंद्र उठले. "बंद करा हे! हा आपल्या इतिहासाचा अपमान आहे. आणि काकूंचं हसं केलंय, ते वेगळंच!"

 हृषिकेश ओशाळून म्हणाला, "निहारिका, सगळ्यांना सॉरी म्हण."

"बट डॅड, आय वॉज द स्टुपिड वन!" तिचे डोळे भरून आले.

खरं सांगतो, मी मनातून रविंद्रांसाठी टाळ्या वाजवत होतो. पण मीनाक्षीबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "रविंद्र, तू आमच्याकडे किती वेळा जेवलास? वाकून नमस्कार करायचास आणि पानावर बसायचास. माझ्याशी कधी चार शब्द बोललास? ही पोरगी खुळा प्रश्न विचारते, पण उत्तर संपेपर्यंत जागची हलत नाही. तिने स्वतःला बावळट करून घेतलं, म्हणून मला शहाणी होता आलं. माझा अपमान झालाच असेल, तर तो मला देव्हाऱ्यात बसवून विसरून गेलात, तेव्हा झाला!"

रविंद्र खाली बसले. माझा रागही तिथेच फिरला, मित्रांनो. इतकी वर्षं आदराने पुसणाऱ्या हातांचा मला पहिल्यांदाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निहारिका आजीजवळ येऊन बसली. कॅमेरा नव्हता, तो गंभीर चेहराही नव्हता. "आजी, लग्नाआधी तू काय करायचीस?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अख्ख्या शहराची भांडणं माझ्या कानातून जायची."

हृषिकेशच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. त्यांचा सख्खा मुलगा, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू पुसून ठेवू नका, वापरा. आणि जुन्या माणसाच्या नुसतं पाया पडू नका. शेजारी बसा, काहीतरी विचारा. प्रश्न खुळा असला तरी चालेल. पण उत्तर संपायच्या आत उठलात, तर याद राखा!